बाळाची नजर ठरत नाही तेव्हा

बाळ अडीच-तीन महिन्यांचं होतं आणि घरात कुजबुज सुरू होते. तेल लावायला येणारी बाई म्हणते, "हा माझ्याकडे बघतच नाही." आजी खुळखुळा वाजवून पाहते. बाळ आवाजाकडे मान वळवतं, पण डोळे भलतीकडेच भिरभिरत राहतात. कुणी सांगतं काजळ घाला, कुणी सांगतं काही मुलं उशिरा बघायला लागतात, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतं. इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी घरांत माझं जाणं-येणं असतं. कमी नजरेच्या लहान मुलांना शिकवणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेलं समजून घेताना आईबापांची होणारी दमछाक रोज बघते. त्यातलं एक निदान असं आहे, की ते नीट समजलं नाही तर नजरेपेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. ते म्हणजे ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेसिया: डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस जन्मतःच अपुरी वाढलेली असणं. दोन्ही डोळ्यांत हे असेल, तर पहिली घाई डोळ्यांच्या उपचाराची नसते. ती रक्त तपासण्याची असते.

नस अपुरी वाढते म्हणजे काय होतं

डोळा प्रकाश टिपतो, दिसतं ते मेंदूला. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या पडद्यावर जे उमटतं, ते मेंदूच्या पार मागच्या भागापर्यंत पोचवायचं काम ऑप्टिक नर्व्ह करते. बारीक तारा एकत्र बांधून केबल करावी तशी ही नस असते, आणि एकेका डोळ्यामागे अशा साधारण दहा ते बारा लाख तारा असतात. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, तिथे निम्म्याहून थोड्या जास्त तारा बाजू बदलतात आणि पुढे जातात. या जागेच्या अगदी खाली पिच्युटरी ग्रंथी असते, शरीरातल्या बऱ्याच हार्मोनवर ताबा ठेवणारी. हा शेजार लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

गर्भात या तारा गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात त्यांचा आकडा ३७ लाखांच्या घरात असतो. मग छाटणी सुरू होते आणि जन्माच्या बऱ्याच आधी तो अकरा-बारा लाखांवर येऊन थांबतो. हायपोप्लेसियात एकतर तारा मुळातच कमी तयार होतात, नाहीतर ही छाटणी प्रमाणाबाहेर होते. दोन्हीचा परिणाम एकच, नस बारीक राहते.

ही नस सुकत चाललेली नसते. जेवढ्या तारा घेऊन मूल जन्माला आलं, तेवढ्या सहसा टिकतात, आणि म्हणून हा आजार वाढत जात नाही. आधी दिसत होतं आणि आता कमी दिसायला लागलंय, असं कुठल्याही मुलाच्या बाबतीत वाटलं, तर ते वेगळं काहीतरी आहे. मेंदूत गाठ असू शकते, आतला दाब वाढलेला असू शकतो. तिथे एक दिवसही थांबू नये.

निदान डॉक्टर डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून, आत बघून करतात. नसेचं टोक तिथे एका चकतीसारखं दिसतं. हायपोप्लेसियात ही चकती लहान असते आणि बऱ्याचदा तिच्याभोवती फिकट कडं दिसतं, म्हणजे एकात एक अशी दोन वर्तुळं. नवख्या नजरेला बाहेरचं कडं हीच चकती वाटते आणि "सगळं नॉर्मल" असा शेरा पडतो. म्हणून शंका असेल तर लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा बघून घ्यावं. दोन्ही नसा बारीक असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे थरथरायला, भिरभिरायला लागतात. एकच बारीक असेल तर तो डोळा तिरळा होतो, आणि कधीकधी तेवढंही होत नाही. शाळेत एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

नजर न ठरण्याची कारणं अर्थात आणखीही आहेत. नसेच्या जागी खाच राहून जाणं, म्हणजे कोलोबोमा. पडद्याच्या पेशींचेच जन्मजात आजार. कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्यावरचा आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) हा आजार, ज्यासाठी ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवेत. आणि जन्माच्या वेळी गुदमरल्यामुळे किंवा रक्तातली साखर उतरल्यामुळे मेंदूच्या बघण्याच्या भागाला झालेली इजा, जिथे डोळा धडधाकट असतो आणि तरी मूल बघत नाही. प्रत्येकाची वाट वेगळी आहे, म्हणून "नजर कमी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या कारणाने कमी आहे, ते कागदावर लिहून घ्या.

ग्रहणाचा आणि आईचा काही संबंध नाही

हे वेगळं लिहावंच लागतं. निदान झालं की दोन-चार दिवसांत कुणीतरी पंचांग काढतं आणि विचारतं, दिवस गेले असताना ग्रहण होतं तेव्हा हिने भाजी चिरली होती का? ती बिचारी खरंच आठवायला लागते. विळीवर बसल्याचं आठवलं की ते ओझं वर्षानुवर्षं वाहते. ग्रहणाने बाळाची नस बारीक होत नाही. मोबाइलच्या उजेडाने होत नाही, पपई खाल्ल्याने होत नाही, सासूशी भांडल्याने होत नाही. बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडत नाही. पहिलं मूल आणि आईचं वय कमी, अशा घरांत हे थोडं जास्त आढळतं, एवढं अभ्यासांत दिसलं आहे. पण ते केवळ प्रमाण, त्यात कुणाची चूक नाही. जनुकातला दोष फार थोड्या मुलांत सापडतो, आणि पुढच्या भावंडाला हेच होण्याची शक्यता सहसा कमी असते. तरी दुसऱ्या बाळाचा विचार असेल तेव्हा डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावं.

आता तो शेजार

१९५६ मध्ये जॉर्ज दि मॉर्सिए या स्विस डॉक्टरांनी अपुरी वाढलेली ऑप्टिक नर्व्ह आणि मेंदूच्या मधल्या रेषेवरचा एक पातळ पडदा नसणं, यांची सांगड घातली. त्याला सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेसिया म्हणतात, आणि एमआरआयच्या रिपोर्टवर हे नाव वाचून आईबाप हादरतात. प्रत्यक्षात तो पातळ पडदा असण्या-नसण्याने मुलाच्या पुढच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पिच्युटरीने आणि तिच्यावर हुकमत असलेल्या हायपोथॅलॅमसने. ज्या भागात नस नीट घडली नाही, त्याच भागात याही घडत असतात. दोन्ही डोळ्यांच्या हायपोप्लेसियात निम्म्याहून जास्त मुलांमध्ये कुठल्या ना कुठल्या हार्मोनची कमतरता सापडते, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. एमआरआयमध्ये मेंदू चांगला दिसला, तरी ही शक्यता जात नाही.

उंची वाढवणारं हार्मोन कमी पडलं तर मूल खुंटतं. थायरॉइड कमी पडलं तर वाढ आणि बुद्धी दोन्ही मागे राहतात. एका हार्मोनच्या अभावी मूल दिवसभर पाणी पाणी करतं आणि लंगोटामागून लंगोट भिजवतं. त्याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात, साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. सगळ्यात धोक्याचं म्हणजे कॉर्टिसॉलची कमतरता. ताप, उलट्या, ऑपरेशन अशा संकटात शरीर एरवीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल सोडतं, आणि त्यावरच रक्तदाब आणि साखर टिकून राहतात. ज्या मुलात ते तयारच होत नाही, ते साध्या तापात निपचित पडतं, साखर झपाट्याने उतरते, झटके येतात. वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं नाही तर जीव जातो. अशी मुलं "तापाने गेली" म्हणून नोंदली जातात. घरच्यांना कळतसुद्धा नाही की हे टाळता आलं असतं.

याच्या खुणा बऱ्याचदा जन्मापासूनच समोर असतात. बाळाची शुगर उतरली म्हणून पेटीत ठेवावं लागलं होतं. कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळली होती. मुलगा असेल तर लिंग फार लहान होतं. या गोष्टी बाळंतपणाच्या फायलीत राहतात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत, कारण त्या नजरेशी जोडल्या जातील असं कुणाला वाटत नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की डोळे दाखवायला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं, की त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि हार्मोनच्या डॉक्टरांची, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टची, चिठ्ठी मागा. सकाळचं कॉर्टिसॉल, थायरॉइड, साखर आणि सोडियम या तपासण्यांपासून सुरुवात होते. थायरॉइड कमी निघालं तरी कॉर्टिसॉल बघितल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करायची नसते, कारण मग शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि मूल संकटात सापडू शकतं. आणि एकदा सगळं बरोबर आलं म्हणून विषय मिटत नाही. काही कमतरता दोन-तीन वर्षांनीही उघड होतात, म्हणून पहिली काही वर्षं उंची-वजनाचा तक्ता नियमाने भरून घ्यायचा.

कॉर्टिसॉल कमी निघालंच, तर रोजची गोळी असते आणि तापाच्या दिवसांत डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, नेमका किती ते डॉक्टर लिहून देतात. ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा, आजी-आजोबांना वाचून दाखवा, शाळेच्या दप्तरात एक प्रत ठेवा. रात्री अपरात्री इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात पळायची वेळ आली, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या हातात सगळ्यात आधी ती चिठ्ठी द्या.

झोपेचंही इथेच सांगून टाकते. शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर चालतं. तो उजेड कमी पोचला की काही मुलं रात्रभर जागी आणि दिवसा झोपलेली असतात. हा हट्ट नव्हे, आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतो.

नस जाड करता येते का

नाही. आज तरी नाही. एका घरात आजोबांनी मला विचारलं होतं, "माझे आता किती दिवस राहिलेत, माझा एक डोळा नातीला बसवता येणार नाही का?" नेत्रदानात डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, बसवली जाते. अख्खा डोळा बसवून नजर आणता येत नाही, कारण तुटलेल्या दहा-बारा लाख तारा मेंदूशी पुन्हा जोडण्याची विद्या अजून कुणाकडे नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला चेहऱ्याच्या भागासह पूर्ण डोळा बसवला गेला. डोळा जिवंत राहिला, त्यात रक्त खेळलं, पण दिसलं नाही.

स्टेम सेलच्या जाहिरातींबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवायची गरज वाटत नाही. ऑप्टिक नर्व्हच्या या आजारासाठी स्टेम सेलचा उपचार सिद्ध झालेला नाही. आयसीएमआर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असा उपचार रीतसर चाचणीबाहेर देणं अनुचित आहे, आणि चाचणीत सामील झालेल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल, तर तिथेच उत्तर मिळालं. यात एक मेख आहे. या मुलांची नजर पहिल्या काही वर्षांत थोडी सुधारते, कारण मेंदू पक्व होत जातो आणि हाती आहे तेवढ्या तारांचा उपयोग करायला शिकतो. त्याच काळात जे औषध, जो काढा, जी इंजेक्शनं चालू असतील, श्रेय त्यांना मिळतं. दागिने गहाण टाकून गेलेलं कुटुंब "फरक पडला" असं मनापासून सांगतं आणि पुढचं कुटुंब निघतं.

चष्म्याने नस सुधारत नाही, पण नंबर असेल तर चष्मा लावलाच पाहिजे. आहे तेवढी नजर पुसट कशाला ठेवायची? एकाच डोळ्यात दोष असेल तर तो डोळा मेंदूकडून आणखी दुर्लक्षिला जातो. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून बघतात, कितपत फायदा होतो ते काही महिन्यांत कळतं. अशा मुलाला नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा द्यावा, म्हणजे विटी, चेंडू, पतंगाचा मांजा यांपासून चांगला डोळा सांभाळला जाईल.

ताटातला दहीभात

लोकमान्यनगरातल्या एका घरी दीड वर्षाची मुलगी आहे. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली स्टीलच्या ताटलीत दहीभात वाढलेला. ती हात फिरवायची, रिकामीच चिमूट तोंडात घालायची आणि रडायची. आई म्हणायची, हिला कुठे दिसतंय, म्हणून भरवते. चकाकणाऱ्या स्टीलवर पांढरा भात म्हणजे आपल्यालाही डोळे बारीक करायला लावणारी गोष्ट. आम्ही ताटली बदलली. गडद निळी बशी घेतली, खाली साधा चटईचा तुकडा, आणि मुलीला उजेडाकडे पाठ करून बसवलं. मग बशीत थोडासाच भात ठेवला, दोन-चार ठिकाणी, अंतर सोडून. ती बराच वेळ नुसती बशीवर वाकून राहिली. आई पुढे सरसावली, तिला थांबवलं. मग त्या मुलीने एक शीत चिमटीत धरलं, खाल्लं, दुसरं शोधलं. आजी ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली, "अगं, हिला दिसतंय की!"

दिसत आधीही होतं. समोरची वस्तू मागच्या रंगात विरघळत होती. घरात करायचं बरंचसं काम असंच असतं. गडद रंगावर फिकट, फिकटावर गडद. एका वेळी एकच खेळणं, नक्षीच्या चादरीवर नाही, साध्यावर. खिडकी बाळाच्या पाठीमागे. आणि थांबणं, हे सगळ्यात अवघड. या मुलांना बघितलेलं ओळखायला वेळ लागतो, आणि आपण तीन सेकंदांत खुळखुळा हलवून त्यांचं बघणं मोडतो. उचलण्याआधी "मी आजी आलेय" असं बोलून मग हात लावा. अचानक अधांतरी उचललं गेलं की कुठलंही बाळ दचकेल.

आणि मान वाकडी करून बघणाऱ्या मुलाची मान सरळ करू नका. थरथरणारे डोळे एका ठरावीक कोनात थोडे शांत होतात. तो कोन मुलाने स्वतः शोधलेला असतो. घरी "नीट बस" आणि वर्गात "मान सरळ कर" असं ऐकून ऐकून तो सोडायला लावला, की दिसत होतं तेही पुसट होतं. बालवाडीच्या ताईंना हे आधीच सांगून ठेवा.

हे काम करायला घरात पैसा लागतोच असं नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार मोफत आहे. त्याची जिल्हा केंद्रं असतात, आपल्याकडे सगळे त्यांना डीईआयसी म्हणतात. अंगणवाडीतून तिथली चिठ्ठी मिळते.

शाळा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, घराजवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा हवं असेल तर विशेष शाळेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढायचं. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावून ३/६० (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी असेल तर कायद्याच्या भाषेत अंधत्व, आणि तिथपासून ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. एक डोळा पूर्ण चांगला असेल तर ४० टक्क्यांपर्यंत पोचत नाही, हे आधी माहीत असलं म्हणजे हेलपाटे वाचतात.

पहिल्या बाकावर बसवलं की झालं, असं शाळांना वाटतं. चकाकणारा फळा पहिल्या बाकावरूनही दिसत नाही. उतरतं डेस्क, जाड रेघांची वही, काळं स्केचपेन, फळ्यावरचं मोबाइलने टिपून मोठं करून वाचायची परवानगी, आणि शिक्षकांनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचणं, एवढ्याने बरंच सुटतं. पण एखादं मूल पुस्तक नाकाला लावून, पान संपेपर्यंत डोकं दुखेस्तोवर वाचत असेल, तर ब्रेल लवकर सुरू करावी, डोळ्यांनी वाचणं चालू ठेवूनच. मराठी आईबाप ब्रेलचं नाव काढलं की रडतात, जणू आशा सोडल्यासारखं. माझ्या अनुभवात जी मुलं दोन्ही शिकतात, ती वाचनात मागे पडत नाहीत. १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल आपल्या सगळ्या प्रमुख भाषांना एकच आहे. शाळेत हिंदी वाचणारं इंदूरचं मूल त्याच सहा टिंबांवर घरची मराठी वाचू शकतं. ळ ला तेवढं स्वतःचं वेगळं चिन्ह शिकावं लागतं.

मोठ्या परीक्षांची तयारी लवकर करा. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहायला अडचण असलेल्या विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. नववीत बोर्डाची नोंदणी होते तेव्हाच शाळेकडून त्या फॉर्मवर दिव्यांगत्वाची नोंद करवून घ्या आणि यूडीआयडीची प्रत जोडा. दहावीच्या हॉलतिकिटाच्या वेळी धावाधाव करून हे जमवणं फार कठीण जातं.